अणुवीज केंद्राचे नियम बदलतात तेव्हा: पर्यावरण आढावा कसा वाचावा, हरकत कशी लिहावी

गोव्यात अणुवीज केंद्र नाही. तरी आपल्याला मिळणाऱ्या विजेत तारापूर आणि काक्रापारचा वाटा असतो, आणि पोळे चेकनाक्याच्या पलीकडे, कारवारच्या आतल्या अंगाला, काली नदीच्या काठी कैगा आहे. तिथे २२० मेगावॅटच्या चार अणुभट्ट्या आहेत. ७०० मेगावॅटच्या आणखी दोन ठरल्या आहेत. त्यांची जनसुनावणी डिसेंबर २०१८ मध्ये मल्लापूरला झाली आणि २०१९ मध्ये पर्यावरण दाखला मिळाला.

नवी भट्टी येते तेव्हा सुनावणी होते, मोर्चे निघतात, बातम्या छापून येतात. पण चाळीस वर्षांसाठी परवाना दिलेली भट्टी साठ वर्षं चालवायची ठरली तर? थंड करण्याच्या पाण्याची तापमान-मर्यादा दोन अंशांनी वर सरकवली तर? वापरलेलं इंधन आवारातच आणखी वीस वर्षं ठेवायला परवानगी मिळाली तर? असे बदल एखाद्या तक्त्यातल्या एका ओळीत होतात आणि बाहेर कुणाला पत्ताही लागत नाही. हा लेख अशा बदलांविषयी आहे: त्यांचा पर्यावरण आढावा कुठे होतो, तो कसा मिळवायचा, कसा वाचायचा आणि त्यावर उपयोगी पडेल अशी हरकत कशी लिहायची.

त्यासाठी अणुविजेचे विरोधक असायची गरज नाही. मुरगाव बंदरातल्या कोळशाची धूळ ज्यांच्या खिडकीत साचली आहे, त्यांना कोळशापेक्षा अणुवीज बरी वाटली तर त्यात गैर काही नाही. वीज हवी असणाऱ्यानेही केंद्राचे नियम वाचायला हवेत. उलट त्यानेच जास्त बारकाईने वाचायला हवेत.

बदल नेमका कसला, हे एका वाक्यात लिहून काढा

कागद हातात येण्यापूर्वी करायचं काम एवढंच: “आधी अमुक होतं, आता तमुक होणार” असं एक वाक्य, आकड्यासह. “कैग्यात काहीतरी बदलतंय” यावर कुणीही उत्तर देणार नाही.

बदल साधारण पाच-सहा प्रकारचे असतात. केंद्राचं आयुष्य वाढवणं, वीजनिर्मितीची क्षमता कमीजास्त करणं, पाण्यात किंवा हवेत सोडायच्या किरणोत्सर्गी द्रव्यांची मर्यादा बदलणं, थंड करण्याच्या पाण्याचं तापमान, वापरलेल्या इंधनाची साठवण, आणि मनुष्यबळ, सुरक्षारक्षक किंवा आपत्कालीन योजनेविषयीचे नियम. शेवटच्या गटातल्या बहुतेक बदलांचा पर्यावरणाशी थेट संबंध नसतो, त्यांच्यावर शक्ती खर्च करू नका. अपवाद आपत्कालीन क्षेत्राचा. ते आखडलं तर कुणाला इशारा मिळणार आणि कुणाला नाही, हे बदलतं.

बदल नेहमी वरच्याच दिशेने होतो असं नाही. १९६९ साली सुरू झालेल्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या मुळात २१० मेगावॅटच्या होत्या, त्या पुढे १६० मेगावॅटवर आणल्या गेल्या. क्षमता उतरवली की पाण्यात जाणारी उष्णताही उतरते. त्यामुळे “नियम बदलला” एवढ्यावरून घाबरायचं कारण नसतं. बदलाची दिशा आणि आकडा आधी पाहायचा.

मग बदल कुठल्या दारातून आला ते शोधा

सगळ्यात महत्त्वाची पायरी ही, आणि नेमकी हीच लोक गाळतात. तुम्हाला बोलायला जागा आहे की नाही, हे बदल किती मोठा आहे यावर ठरत नाही. तो कुठल्या कायद्याच्या दारातून आत आला यावर ठरतं.

आपल्याकडे दोन दारं आहेत. पहिलं केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचं. २००६ च्या ईआयए, म्हणजे पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या, अधिसूचनेत अणुवीज प्रकल्प ‘अ’ वर्गात मोडतात, म्हणजे निर्णय राज्यात होत नाही, दिल्लीत होतो. नवा प्रकल्प किंवा क्षमतावाढ असेल तर या दारातून जावं लागतं: तज्ज्ञ मूल्यांकन समिती अभ्यासाच्या अटी ठरवते, अहवालाचा मसुदा तयार होतो, जनसुनावणी होते, मग दाखला. क्षमतावाढीच्या बाबतीत नवा अहवाल आणि सुनावणी कितपत लागेल हे समिती अर्ज पाहून ठरवते, त्यामुळे सुनावणी होईलच असं गृहीत धरू नका.

दुसरं दार अणुऊर्जा नियामक मंडळाचं, म्हणजे एईआरबीचं. १९८३ साली स्थापन झालेलं हे मंडळ भट्टी चालवण्याचा परवाना देतं. आजवरची पद्धत अशी की परवाना जास्तीत जास्त पाच वर्षांचा आणि दर दहा वर्षांनी संपूर्ण सुरक्षा आढावा. चालत्या केंद्राच्या तांत्रिक मर्यादा, किरणोत्सर्गी विसर्गाचे कोटे, जुन्या भट्टीतल्या कूलंट नळ्या (इंधनाची उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या) बदलून तिला पुन्हा उभं करणं, हे सगळं या दारातून जातं. इथे जनसुनावणी नसते. काम तज्ज्ञांच्या समित्यांमध्ये चालतं. ते काम वाईट होतं असं मी म्हणणार नाही, पण त्या खोलीत मच्छीमाराला खुर्ची नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ‘शांती’ या नावाने नवा अणुऊर्जा कायदा मंजूर केला. १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा नुकसानभरपाईचा कायदा यांच्या जागी तो आला, खासगी कंपन्यांना या क्षेत्रात वाट मिळाली आणि नियामक मंडळाला वैधानिक दर्जा. तेव्हा जुन्या लेखांत कलमांचे क्रमांक दिसले तर ते जसेच्या तसे उचलून अर्जात घालू नका.

बाहेर काय चालतं हे ठाऊक असेल तर आपल्या हरकतीला धार येते. अमेरिकेत १९७० पासून लागू असलेल्या राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्यामुळे तिथल्या अणुनियामक आयोगाला परवान्यात किंवा नियमावलीत महत्त्वाचा बदल करताना पर्यावरण आढावा घ्यावा लागतो. किरकोळ बदलांना यादीनुसार सूट असते, मधल्यांना छोटा आढावा, मोठ्यांना पूर्ण अहवाल. परवाना आधी चाळीस वर्षांचा, मग वीस-वीस वर्षांनी वाढवता येतो. दर केंद्रासाठी तेच तेच लिहावं लागू नये म्हणून आयोगाने १९९६ साली सर्व केंद्रांसाठी एक सामाईक अहवाल केला. त्यात ९२ मुद्दे होते. २०१३ च्या सुधारणेत ते ७८ झाले आणि २०२४ मध्ये तो पुन्हा सुधारला. यातले बहुतेक मुद्दे सगळीकडे सारखेच मानून निकालात काढले जातात, उरलेले प्रत्येक जागेसाठी वेगळे तपासायचे.

ही सोय सोयीपुरती ठीक आहे, पण तिचा वापर सैल झाला की काय होतं तेही दिसलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये आयोगानेच मान्य केलं की सामाईक अहवाल फक्त पहिल्या वीस वर्षांच्या वाढीसाठी होता, साठ ते ऐंशी वर्षांच्या दुसऱ्या वाढीला तो पुरत नाही. ज्या केंद्रांना ऐंशी वर्षांपर्यंतचे परवाने आधीच दिले होते, त्यांतल्या काहींच्या मुदतीही मागे घ्याव्या लागल्या. मे २०२५ च्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने आयोगाला नियम नव्याने लिहायला आणि चालू केंद्रांच्या मुदतवाढीचे निर्णय एका वर्षात द्यायला सांगितलं आहे. त्यामुळे अमेरिकी कागद वाचताना वरची तारीख आधी पाहा.

युरोपातलं एक प्रकरण गोव्याला अधिक जवळचं आहे. बेल्जियममधलं डुल केंद्र अँटवर्पजवळ, नेदरलँड्सच्या सीमेला लागून आहे. तिथल्या पहिल्या दोन भट्ट्यांचं आयुष्य दहा वर्षांनी वाढवणारा कायदा संसदेने केला आणि पर्यावरण मूल्यांकन केलं नाही. जुलै २०१९ मध्ये युरोपीय न्यायालयाने निकाल दिला: मुदतवाढ आणि तिच्यासाठी करावी लागणारी मोठी कामं मिळून हा ‘प्रकल्प’च आहे, मूल्यांकन आधी व्हायला हवं होतं, आणि शेजारच्या देशावरचे परिणामही त्यात यायला हवेत. आपल्याकडे शेजारच्या राज्यावरचे परिणाम तपासायला लावणारा कुठलाही करार कर्नाटक आणि गोवा यांच्यात नाही. पण “काम नवं नाही, फक्त मुदत वाढतेय” हा युक्तिवाद एका मोठ्या न्यायालयाने नाकारला आहे, हे अर्जात एका ओळीत लिहिता येतं.

चार अंशांची गोष्ट

छोट्या बदलाचा आढावा कसा दिसतो हे पाहायचं तर फ्लोरिडातल्या टर्की पॉइंट केंद्राचं उदाहरण घ्या. हे केंद्र मायामीच्या दक्षिणेला, बिस्केन खाडीच्या काठी आहे. भट्ट्यांतली उष्णता कालव्यांच्या मोठ्या जाळ्यात सोडली जाते, तिथे पाणी निवतं आणि परत येतं. परवान्यातली अट अशी होती की आत घ्यायचं पाणी १०० अंश फॅरनहाइटपेक्षा गरम असता कामा नये. त्याआधी काही काळ भट्ट्यांची क्षमता वाढवली होती. २०१४ च्या उन्हाळ्यात कालव्यांचं पाणी त्या मर्यादेला भिडू लागलं, शेवाळ माजलं, क्षार वाढले. कंपनीने मर्यादा १०४ अंशांवर न्यायची मागणी केली. म्हणजे सेल्सियसमध्ये सुमारे ३७.८ वरून ४०.

आयोगाने छोटा आढावा घेतला आणि लक्षणीय परिणाम नाही असं म्हणून परवानगी दिली. त्या कालव्यांत अमेरिकी मगरींची वीण होते, म्हणून वन्यजीव खात्याचं मतही घ्यावं लागलं. २०१६ मध्ये काउंटीच्या अभ्यासात खाडीच्या पाण्यात नेहमीपेक्षा कितीतरी जास्त ट्रिटियम (हायड्रोजनचं किरणोत्सर्गी रूप) आढळलं. त्याने कुणाला धोका पोचला असं नाही, पण कालव्यांतलं पाणी जमिनीखालून खाडीत जातंय हे त्यावरून कळलं.

वाचकाने यातून उचलायची गोष्ट अशी की आढाव्यात चार अंश एकटे तपासले जातात. प्रश्न चार अंशांचा नव्हताच. क्षमतावाढ, क्षार, शेवाळ, दुष्काळ आणि त्यावर चार अंश, असा सगळा ढीग पाहायला हवा होता. म्हणून कुठलाही आढावा उघडला की ‘एकत्रित परिणाम’ हे प्रकरण आधी शोधा. ते दोन परिच्छेदांत उरकलं असेल तर तुमच्या हरकतीचा पहिला मुद्दा तयार आहे.

कागद मिळवायचे कसे

पर्यावरण मंत्रालयाच्या दारातून आलेल्या गोष्टी ‘परिवेश’ या संकेतस्थळावर असतात: अर्ज, अभ्यासाच्या अटी, तज्ज्ञ समितीच्या बैठकांची इतिवृत्तं, दाखला आणि त्यातल्या अटी. इतिवृत्त आधी वाचा. ते आठ-दहा पानांत संपतं आणि समितीतल्या कुणी काय शंका काढली ते त्यात असतं. ज्या शंकेचं उत्तर अहवालात सापडत नाही, ती तुमची.

जनसुनावणी असेल तर मसुदा अहवाल आणि त्याचा सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा पंचायत, जिल्हा उद्योग केंद्र अशा ठिकाणी ठेवावा लागतो. सारांश इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत. कैग्याच्या बाबतीत स्थानिक भाषा म्हणजे कन्नड. सीमेलगतच्या, गोव्याच्या काणकोण तालुक्यातल्या माणसाने मराठी किंवा कोकणी प्रत मागितली तर ती मिळण्याचा हक्क अधिसूचनेत नाही, पण मागणी लेखी नोंदवून ठेवायला काही लागत नाही.

एईआरबीच्या दारातल्या गोष्टींसाठी मंडळाचे वार्षिक अहवाल आहेत आणि माहिती अधिकार आहे. अर्जाला दहा रुपये, उत्तराला तीस दिवस, आणि उत्तर पटलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. इथे एक अडचण ठरलेली आहे: कलम ८(१)(अ) खाली देशाच्या सामरिक हिताचं कारण देऊन माहिती नाकारता येते. त्यामुळे भट्टीच्या रचनेचं काही मागू नका, ते मिळणार नाही. पर्यावरणाचं मागा, आणि मत मागू नका, कागद मागा. “कैग्याचा विसर्ग सुरक्षित आहे का?” याचं उत्तर एका शब्दात येईल. “गेल्या पाच वर्षांत द्रवरूप विसर्गातील ट्रिटियमची वार्षिक मात्रा आणि त्या-त्या वर्षाची मंजूर मर्यादा दाखवणाऱ्या तक्त्याची प्रत द्यावी” याला टाळाटाळ करणं कठीण जातं.

प्रत्येक अणुवीज केंद्राजवळ पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा असते. केंद्र सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून ती ३० किलोमीटरच्या वर्तुळातली माती, पाणी, दूध, भाजी, मासे तपासते. आता एक काम स्वतः करा. नकाशावर कैगा मध्याशी धरून ३० किलोमीटरचं वर्तुळ काढा. रस्त्याचं अंतर धरू नका, हवाई अंतर घ्या. खोतीगाव अभयारण्याच्या बाजूला काणकोण तालुक्याची हद्द त्या वर्तुळाला कुठे शिवते ते बघा. शिवत असेल तर पुढचा प्रश्न: त्या बाजूचे नमुने किती, कुठल्या गावातून, की वर्तुळ राज्याच्या सीमेवर आपोआप थांबतं?

हा प्रश्न उगाच नाही. मोपा विमानतळाच्या दाखल्याला सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये स्थगिती दिली, ती अर्जात आजूबाजूच्या जंगलांची आणि संवेदनशील क्षेत्रांची माहिती नीट न दिल्यामुळे. अर्जाच्या फॉर्मात १५ किलोमीटरच्या परिसरातलं सगळं लिहायचं असतं, मग ते कुठल्याही राज्यात असो. पुढे जानेवारी २०२० मध्ये अटी घालून स्थगिती उठली, विमानतळही झाला. पण फॉर्ममधली रिकामी जागा दाखला अडवू शकते हे गोव्याने जवळून पाहिलं आहे.

वाचन: कशाची तुलना कशाशी?

अहवाल पहिल्या पानापासून वाचू नका. सातशे पानांचा अहवाल असा वाचणारा माणूस भूगर्भरचनेच्या प्रकरणात झोपतो. सद्यस्थितीच्या प्रकरणापासून सुरुवात करा, कारण पुढचे सगळे निष्कर्ष त्यावर उभे असतात.

सद्यस्थिती कुठल्या वर्षाची? कैग्याच्या पहिल्या भट्टीने ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत सलग ९६२ दिवस न थांबता चालण्याचा जागतिक विक्रम केला. कैग्यासारख्या, जड पाणी (जड हायड्रोजनचं पाणी) वापरणाऱ्या भट्टीत इंधन चालू स्थितीतच बदलता येतं, म्हणून हे शक्य झालं. अशा वर्षात पाण्यात गेलेली उष्णता आणि भट्टी महिनोन्महिने दुरुस्तीसाठी बंद असलेल्या वर्षातली उष्णता यांत मोठा फरक पडणार. सरासरी दाखवली असेल तर प्रत्येक वर्षी भट्ट्या किती दिवस चालू होत्या ते विचारा.

त्यानंतर पर्याय. ‘काहीच बदल न करणं’ हा पर्याय खरोखर तपासलाय का? बऱ्याचदा तिथे एकच वाक्य असतं: वीज कमी पडेल. किती, कुठे, आणि तेवढी वीज दुसरीकडून घेतली तर काय, हे नसेल तर तो पर्याय तपासलेला नाही.

आता पाणी. इथे थोडं थांबू. २२० मेगावॅट वीज देणारी भट्टी साधारण ७५० मेगावॅट उष्णता निर्माण करते. उरलेली पाचशेच्या वरची उष्णता पाण्यात जाते. कैग्याच्या चार भट्ट्यांची ही उष्णता काद्रा धरणाच्या जलाशयात जाते, आणि धरणातून सुटलेलं पाणी पुढे काली नदीतून सदाशिवगडापाशी समुद्राला मिळतं. उष्णता बारमाही सारखी असते, पाणी नसतं. जुलैत काली दुथडी भरून वाहते, मे महिन्यात जलाशय खाली गेलेला असतो. म्हणून तापमानवाढीचा वार्षिक सरासरी आकडा जवळपास निरुपयोगी आहे. मे महिन्याचा, दुपारचा, सोडण्याच्या तोंडापासून ठरावीक अंतरावरचा आकडा मागा. पाण्याच्या पृष्ठभागावरचा आणि तळाचाही, कारण गरम पाणी वर तरंगतं आणि खाली मोजलेला आकडा नेहमीच छान दिसतो.

समुद्राच्या बाबतीत ऋतू आणखी महत्त्वाचा. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत तो उलटा, उत्तरेकडे, म्हणजे कारवारहून काणकोणच्या दिशेने. दोना पावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत या प्रवाहांवर वर्षानुवर्षं काम झालं आहे. सागरी नमुने फक्त पावसाळ्याच्या आगेमागे घेतले असतील तर गोव्याच्या बाजूचं काहीच मोजलं गेलेलं नाही. माझ्या मते गोव्यातून लिहिल्या जाणाऱ्या हरकतीत हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे, कारण तो दुसऱ्या कुणी मांडायची शक्यता कमी.

मग मासे. माणसाला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाच्या मात्रेचं गणित करताना एक ‘प्रातिनिधिक व्यक्ती’ धरतात आणि तिचा आहार ठरवतात. त्यात वर्षाला किती किलो मासे धरले आहेत ते शोधा. रोज शीतकडी (भात आणि माशांची आमटी) खाणाऱ्या घराचा आकडा आणि राष्ट्रीय सरासरी यांत फार अंतर आहे. शिवाय नुसते ‘मासे’ म्हणून चालत नाही. सिझियम माशांच्या मांसात साचतं, कोबाल्ट-६० आणि झिंक-६५ यांचा ओढा तिसऱ्या, खुबे, शिनाणे अशा शिंपल्यांकडे असतो. कालीच्या खाडीत शिंपले गोळा करणारी माणसं आहेत. त्यांचा आहार वेगळा धरला आहे का?

मिलिसीव्हर्टची धास्ती घालवण्यासाठी एक गणित

आकड्यांना घाबरून लोक हा भाग सोडतात. एकच गणित करून बघा, मग तक्ते आपोआप बोलू लागतात.

भारतात सर्वसामान्य माणसासाठी अणुकेंद्रांमुळे मिळणाऱ्या मात्रेची मर्यादा वर्षाला १ मिलिसीव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाचं एकक) आहे. निसर्गातूनच जगभर सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतात. जड पाण्याच्या भट्ट्यांतून बाहेर पडणारं मुख्य द्रव्य ट्रिटियम, अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षं. समजा, पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १०० बेकरेल (किरणोत्सर्गी द्रव्य मोजण्याचं एकक) ट्रिटियम आहे. रोज दोन लिटर म्हणजे वर्षाला ७३० लिटर, म्हणजे ७३,००० बेकरेल. प्रौढ माणसासाठी एक अब्ज बेकरेलमागे ०.०१८ सीव्हर्ट धरतात. गुणाकार केला की सुमारे १.३ मायक्रोसीव्हर्ट येतात, म्हणजे मर्यादेच्या हजारात एक भागापेक्षा किंचित जास्त. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली मार्गदर्शक पातळी लिटरमागे १०,००० बेकरेल आहे. तीच पद्धत लावली तर ०.१३ मिलिसीव्हर्ट येतात.

काणकोणकर काली नदीचं पाणी पीत नाहीत, त्यांचं पाणी चापोली धरणाचं. तेव्हा पिण्याच्या पाण्यातल्या ट्रिटियमवर हरकत लिहिली तर उत्तर देणाऱ्याला सोपं जाईल. आपले मार्ग दोन: समुद्रातलं अन्न आणि हवा-पाऊस. तिथेच राहा.

अहवालात “मर्यादेच्या एक टक्क्याहून कमी” असं वाक्य दिसलं तर दोन गोष्टी तपासा. हा एक टक्का सर्व भट्ट्या मिळून आहे की फक्त बदललेल्या भट्टीचा? आणि तो मोजलेला आहे की संगणकावर काढलेला? दोन्ही चालतात, पण कुठला ते लिहिलेलं असावं.

नोव्हेंबर २००९ मध्ये कैग्यात पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियमयुक्त जड पाणी मिसळलं गेलं आणि पन्नासहून अधिक कर्मचाऱ्यांच्या शरीरात ते गेलं. सरकारी निष्कर्षानुसार ते कुणीतरी मुद्दाम केलेलं कृत्य होतं, आणि त्यातून बाहेरच्या परिसरात काही गेलं नाही. अपघाताच्या प्रकरणात हे आहे का ते पाहा. हरकतीत मात्र ते मध्यवर्ती करू नका. आपत्कालीन नियोजनाचं क्षेत्र परंपरेने १६ किलोमीटरचं आहे, गोवा त्याच्या बाहेर पडतो, आणि त्या मुद्द्यावर चर्चा तिथेच थांबते.

हरकत लिहिताना

सुनावणीत तोंडी बोलण्याचा हक्क स्थानिक बाधितांचा. पण पर्यावरणाशी रास्त संबंध असलेल्या कुणालाही लेखी म्हणणं देता येतं, राज्याची अट नाही. सुनावणीची नोटीस किमान तीस दिवस आधी वर्तमानपत्रांत यावी लागते, एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक दैनिकात. प्रादेशिक म्हणजे इथे कन्नड दैनिक, ते काणकोणात कुणी वाचत नाही. म्हणून कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संकेतस्थळ अधूनमधून पाहण्याची जबाबदारी गटातल्या एकावर टाका.

लेखी म्हणणं इंग्रजीत द्या, सोबत मराठी प्रत जोडा. दोन पानांहून लांब नको. प्रत्येक मुद्द्याला तीन गोष्टी हव्यात: अहवालातलं पान, तिथे काय नाही, आणि तुम्हाला काय करून हवंय. नमुना असा:

“सागरी पर्यावरणाच्या प्रकरणात पान अमुकवर नमुने मार्च आणि मे महिन्यांत घेतल्याचे नमूद आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात किनारी प्रवाह उत्तरेकडे असतो, त्या काळातील एकही नमुना नाही. माजाळी ते पोळे या पट्ट्यातील पाणी, गाळ व शिंपले यांचे हिवाळी नमुने घेऊन ते अंतिम अहवालात समाविष्ट करावेत.”

याच्याशी “आमच्या समुद्राचा नाश करू नका” या वाक्याची तुलना करा. दुसऱ्यावर “नोंद घेतली” एवढंच उत्तर येतं. पहिल्यावर अहवाल लिहिणाऱ्या सल्लागार कंपनीला एकतर नमुने घ्यावे लागतात किंवा का घेतले नाहीत ते लिहावं लागतं. अंतिम अहवालात प्रत्येक हरकतीला उत्तर द्यायचं असतं, तेव्हा उत्तर देणं भाग पडेल असंच लिहा.

एकच मजकूर शंभर जणांच्या सह्यांनी पाठवण्यात फारसा अर्थ नसतो. त्यापेक्षा ग्रामसभेचा ठराव घ्या आणि तो जोडा. पैंगीण, लोलये-पोळे, खोतीगाव अशा पंचायतींचा ठराव एकट्या माणसाच्या पत्रापेक्षा जड पडतो. रापणकारांची (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांची) नोंद असलेली वही, मासळीच्या हंगामाच्या तारखा असं काही असेल तर तेही. ज्यांनी खाणींच्या सुनावण्या पाहिल्या आहेत त्यांना ठाऊक आहे की तिथे आवाज चढवणारे पुष्कळ असतात, पण इतिवृत्तात राहतं ते लेखी दिलेलं.

बदल एईआरबीच्या दारातून आला असेल तर हरकतीची ठरलेली खिडकी नाही. तरी मंडळाला पत्र लिहिता येतं, आणि केंद्राच्या आधीच्या पर्यावरण दाखल्यातली एखादी अट त्या बदलाने मोडते का हे दाखवता आलं तर प्रकरण पुन्हा पहिल्या दाराशी आणता येतं. म्हणून जुन्या दाखल्याची प्रत हाताशी ठेवा. पाण्याचं तापमान, जलाशयाची किमान पातळी, हरितपट्टा, असल्या अटी त्यात असतात.

मुदती

दाखला मिळाल्यावर त्याविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे अपील करायला तीस दिवस असतात. सबळ कारण असेल तर लवाद आणखी साठ दिवसांपर्यंत सूट देऊ शकतो, त्यानंतर दार बंद. इतर पर्यावरणीय वादांसाठी सहा महिने. गोव्याचे खटले पुण्याच्या खंडपीठाकडे जातात, पण कैगा कर्नाटकात असल्याने त्याचे खटले चेन्नईच्या दक्षिण खंडपीठाकडे, आणि काणकोणच्या गटाला वकीलही तिकडचाच पाहावा लागेल. लवादाच्या अधिकारात येणाऱ्या कायद्यांच्या यादीत पर्यावरण संरक्षण, पाणी, हवा, वन आणि जैवविविधता हे कायदे आहेत, अणुऊर्जेचा नाही. म्हणून अर्जात भट्टीच्या सुरक्षिततेवर भर दिला तर तो पहिल्याच तारखेला अडकतो.

अणुवीज प्रकल्पाच्या पर्यावरण दाखल्याची मुदत एप्रिल २०२२ च्या दुरुस्तीने पंधरा वर्षं झाली आहे. त्या काळात कंपनीला दर सहा महिन्यांनी अटींच्या पालनाचा अहवाल द्यावा लागतो, १ जून आणि १ डिसेंबरला. जूनचा अहवाल ऑक्टोबर ते मार्चचा असतो, म्हणजे उत्तरेकडच्या प्रवाहाचे महिने त्यात. एप्रिल-मेच्या तापमानाचे आकडे पाहायचे असतील तर डिसेंबरचा अहवाल उघडा.